भाड्याची खोली, पुट्टीची भिंत: खिळा न ठोकता आवाजाची पॅनेलं कशी लावावीत? (बडोदे)

षड्जपंचम
नमस्कार मंडळी. एका खोलीत घरगुती रेकॉर्डिंगची सोय करायची आहे. बैठकीचं गाणं, पेटी, तबला, आणि नंतर तिथेच स्पीकरवर मिक्सिंग.
दांडिया बाजारातला भाड्याचा फ्लॅट, दुसरा मजला. खोली आतून १० × १२ फूट, उंची १० फूट. फरशी गुळगुळीत टाइल्सची. भिंतींना पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट. पश्चिमेची भिंत बाहेरची आहे, पावसाळ्यात तिला हलकी ओल धरते. वर आरसीसी स्लॅब, पीओपी नाही. स्लॅबला झोपाळ्याची चार कडी आहेत, झोपाळा मात्र नाही. एका कोपऱ्यात घरमालकांचं लोखंडी कपाट आहे, ते हलवायचं नाही.
करारात लिहिलंय: खिळा नाही, ड्रिल नाही, रंगाचे पोपडे निघाले तर डिपॉझिटमधून कापणार.
बाजारात एक फुटी पिरॅमिड फोम मिळतात, पाठीला डबल टेप. ते लावावेत का? आणि नवरात्रात समोरच्या मैदानातला गरबा आत येतो, तो याने थांबेल का?

डग्गा
गरब्याचा विषय आधी संपवू. नाही थांबणार. फोम काय, रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) काय, ही खोलीतल्या आवाजाचे उलटे पडसाद शोषायची सामग्री आहे. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. खिडकीच्या फटीला रबराची पट्टी, दाराखाली ब्रशपट्टी, एवढं केलंत तर वरच्या पट्टीतला आवाज कमी होईल. ढोलाचा ठेका मात्र भिंतीतून येतो. त्या नऊ रात्री रेकॉर्डिंगच ठेवू नका.
आता फोम. २ इंची फोम ५०० हर्ट्झच्या खाली हात टेकतो. चारही भिंती फोमने मढवल्या की टाळीचा टणत्कार जातो आणि लोकांना वाटतं काम झालं. प्रत्यक्षात वरचे स्वर मेलेले असतात आणि खर्ज व डग्ग्याचा घुमारा तसाच लोंबकळत राहतो. रेकॉर्डिंग ऐकलं की डब्यात बसून गायल्यासारखं वाटतं.

पुट्टीपुराण
टेपबद्दल सविस्तर लिहितो, कारण निम्मी डिपॉझिटं तिथेच बुडतात.
टेपचा गोंद सहसा सुटत नाही, सुटते ती पुट्टी. पुट्टी म्हणजे दीड-दोन मिमीचा ठिसूळ थर. त्याची प्लास्टरवरची पकड गोंदाच्या पकडीपेक्षा कमजोर असते. डबल टेप ओढली की रंग आणि पुट्टी तळहाताएवढी उचकटून येते आणि खाली करडं प्लास्टर दिसतं. फेविकॉल एसआरसारखा रबरी गोंद लावलात तर आणखी वाईट: तो काढताना फोम फाटतो आणि भिंतीवर पिवळी साय उरते.
भिंत किती धरते ते आधी तपासा. कपाटामागे किंवा दाराआड, जिथे दिसणार नाही अशा जागी ब्लेडने रंगावर २ सेंमीची फुली मारा, वर रुंद चिकटपट्टी दाबून बसवा, पाच मिनिटांनी झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे कण चिकटले तर त्या भिंतीवर काहीही चिकटवायचं नाही. हात फिरवून पांढरी भुकटी लागली तर ते डिस्टेंपर आहे, तिथे चाचणीचीही गरज नाही. ओलीची पश्चिम भिंत तर यादीतूनच काढा.
काढता येणाऱ्या पट्ट्या, म्हणजे कमांड आणि त्या जातीच्या, चांगल्या रंगावर चालतात, पण त्यांच्या अटी पाळल्या तरच. रंग दिल्यावर किमान ७ दिवस जाऊ द्यायचे. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, घरातल्या साबण-पाण्याने नाही. पट्टी ३० सेकंद दाबायची आणि तासभर वजन टाकायचं नाही. पाकिटावर ४ मोठ्या जोड्यांना ७ किलोच्या आसपास लिहिलेलं असतं, ते गुळगुळीत पृष्ठभागासाठी. मी निम्मं धरतो. वापराची मर्यादा १० ते ४० अंश. बडोद्यात मे महिन्यात उन्हाची भिंत चाळिशी सहज ओलांडते, गोंद मऊ पडतो आणि पॅनेल रात्रीतून हळूहळू घसरतं.
काढताना पट्टीची शेपटी भिंतीला समांतर, सरळ खाली ओढत न्यायची, हातभर लांब होईपर्यंत. आपल्याकडे ओढली की खेळ खलास.

षड्जपंचम
पुट्टीपुराण काका, आत्ताच दाराआड चाचणी केली. पट्टीवर रंगाचा पापुद्रा आला. म्हणजे चिकटवणं बाद. मग उरलं काय?

गजफूट
उरली जमीन. भार फरशीने घ्यायचा, भिंतीला हातच लावायचा नाही. तुम्हाला हे सोपं जाईल, कारण बैठकीच्या गाण्यात तोंड जमिनीपासून अडीच फुटांवर असतं. परदेशी माहितीत पॅनेल भिंतीवर उंच टांगलेली दाखवतात, ती खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी आणि उभं राहून गाणाऱ्यांसाठी. तुमच्या कामाचा आवाज पहिल्या चार फुटांत आहे. तिथे पायावर उभी चौकट पुरते.
एका चौकटीचा हिशेब देतो.
रॉकवूल स्लॅब १२०० × ६०० × ५० मिमी, घनता ४८ किलो प्रति घनमीटर. अशा दोन एकावर एक, म्हणजे १०० मिमी जाडी. लोकर साडेतीन किलो होते.
पाइनची फळी, रंधा मारून २० × ९५ मिमी. लांब तुकडे २, प्रत्येकी १२४० मिमी. आडवे तुकडे २, प्रत्येकी ६०० मिमी. एकूण ३.७ मीटर, पण वखारीतून ४ मीटर घ्या, टोकं फाटलेली असतात. स्लॅब हातात आल्याशिवाय लाकूड कापू नका. काही ठिकाणी १००० × ५०० चा माल मिळतो, मग सगळी मापं बदलतात.
कोपऱ्याला आधी ३ मिमीचं भोक, मग ५० मिमीचे दोन स्क्रू, आतून २ इंची एल-पट्टी. भोक न पाडता स्क्रू घातला तर पाइन टोकाला हमखास चिरतं.
पाठीला नायलॉनच्या दोरीची फुली, नाहीतर लोकर मागे पोट काढते. आधी पातळ नॉनवोव्हन कापडाचं अस्तर, मग वरचं कापड. स्टेपल गनने ८ किंवा १० मिमी पिना. आधी लांब बाजूंच्या मधोमध, समोरासमोर, मग कोपऱ्यांकडे सरकत. कोपऱ्यापासून सुरुवात केली की कापडाला तिरपी सुरकुती पडते आणि ती शेवटपर्यंत जात नाही.
पाय: २ × ३ इंची लाकडाचे ६०० मिमीचे दोन तुकडे, चौकटीला आडवे, चौकट जमिनीपासून १०० मिमी वर राहील असे. ४०० मिमीचे पायही चालतात, पण चौकट १५-१६ अंश कलली की आडवी होते. ६०० ला २३ अंशांपर्यंत तग धरते. घरात लहान मूल असेल तर ६००च. खाली रबरी बूट लावा, म्हणजे टाइलवर ओरखडा नाही.
पाय सोडून एक चौकट ७-८ किलो. ही कुठल्याच चिकटपट्टीवर टांगायची नाही, म्हणून आधीच उभी करायची. दोन चौकटी बिजागरीने जोडून पडद्यासारख्या कोनात उघडल्या तर पायही लागत नाहीत.

डग्गा
किती लागतील, तेही काढू. खोलीचं घनफळ ३४ घनमीटर. खोलीत आवाज विरायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या सेबाइनच्या सूत्राने ०.१६१ गुणिले ३४ म्हणजे ५.५, त्याला हव्या त्या वेळाने भागायचं. आवाज विरायचा वेळ ०.४ सेकंद हवा असेल तर १३-१४ चौरस मीटर शोषण पाहिजे. दार, खिडकी, कपाट, माणसं धरून आत्ता फार तर ४ असेल, म्हणजे वेळ १.३ सेकंदांच्या पुढे. आणखी १० हवं. गजफूट यांची एक चौकट भिंतीपासून दूर उभी असली की तिची पाठही काम करते, म्हणून सुमारे १ चौरस मीटर धरा. आठ चौकटी, आणि उरलेलं बैठकीची गादी व दुहेरी चुण्यांचा जाड पडदा भरून काढेल. आठ चौकटींना ५० मिमीचे १६ स्लॅब. लहान खोलीत हे सूत्र खालच्या पट्टीत खोटं ठरतं, पण गळ्याच्या पट्टीसाठी पुरेसं खरं आहे.
मांडणी रेकॉर्डिंगची वेगळी, मिक्सिंगची वेगळी. भिंतीवर न लावण्याचा खरा फायदा हाच.
गाताना: कार्डिऑइड माइक पाठीमागचं कमी ऐकतो आणि समोरचं, म्हणजे गायकाच्या पाठीमागच्या भिंतीवरून येणारं, पूर्ण ऐकतो. म्हणून तीन चौकटी गायकाच्या मागे कमानीत, दोन्ही बाजूंना एकेक. माइकच्या मागे कमीत कमी. बरेच जण नेमकं उलटं करतात, माइकमागे फोमची ढाल लावतात आणि गायकाच्या मागे कोरी भिंत.
मिक्सिंगला: स्पीकर १० फुटी भिंतीला, तोंड १२ फुटांच्या दिशेने. डोकं समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर. बरोबर मध्यावर, ६ फुटांवर बसू नका, तिथे ४७ हर्ट्झ नाहीसा होतो. बाजूच्या भिंतींवर दुसऱ्याला आरसा सरकवायला सांगा. तुमच्या जागेवरून आरशात स्पीकर जिथे दिसेल तिथे एकेक चौकट. भिंतीपासून १०० मिमी अंतर ठेवलंत तर दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी शोषण मिळतं, चिकटवून ठेवलंत तर त्याहून कमी.
एक वाईट बातमी: रुंदी १० आणि उंचीही १०. ५६ हर्ट्झ दोनदा घुमणार. त्याची पाव लहर दीड मीटर, म्हणजे पाच फूट. चार इंची पॅनेल त्याला काही करणार नाही.

पुट्टीपुराण
ते १०० मिमी अंतर भिंतीसाठीही ठेवाच. बाहेरच्या भिंतीला काहीही टेकवलं की मागची हवा कोंडते. आषाढ-श्रावणात रंगाला फोड येतात, मागे काळी बुरशी, आणि दिवाळीत पॅनेल हलवल्यावर कळतं.

टेकू
उंचीवर काही हवं असेल, उदाहरणार्थ खुर्चीवर बसून मिक्सिंग करताना कानाच्या रेषेत, तर जमीन ते स्लॅब असा दाबाचा खांब करा. भोक नाही, गोंद नाही. आरसीसी स्लॅब आहे म्हणून सांगतोय. पीओपीच्या छताला हे अजिबात करू नका, फोडून वर जाईल.
२ × ३ इंची सरळ लाकूड. वखारीत एक डोळा मिटून टोकापासून बघा, वाक असेल तर परत ठेवा. लांबी खोलीच्या उंचीपेक्षा १०० मिमी कमी. उंची दोन्ही खांबांच्या जागी वेगवेगळी मोजा, जुन्या इमारतीत फरशीला उतार असतो. तळाला १८ मिमी प्लायचा १०० × १०० चा तुकडा आणि त्याखाली ५ मिमी रबर.
वरच्या टोकात मधोमध १३ मिमीचं भोक, १४० मिमी खोल. त्यात एम-१२ आट्यांचा रॉड, २०० मिमी लांब, सैल बसला पाहिजे. रॉडवर नट आणि मोठं वॉशर, वॉशर लाकडाच्या टोकावर टेकलेलं. रॉडच्या माथ्यावर दोन नटांमध्ये कसलेली प्लायची १०० मिमीची चकती, वरचा नट प्लायमध्ये बुडवलेला, आणि त्यावर रबर. चकती एका हाताने धरायची, खालचा नट पान्याने फिरवायचा, रॉड वर सरकतो आणि खांब ताठ होतो.
किती कसायचं? हाताने घट्ट होईपर्यंत, मग पान्याने अर्धा फेरा. एवढंच. पाऊण-एक फेरा आणखी दिला की स्लॅबच्या खालचं प्लास्टर तडकतं किंवा टाइल. आधी छताला पान्याच्या मुठीने टकटक करा. पोकळ वाजलं तर तिथे प्लास्टर सुटलेलं आहे, खांब अर्धा फूट सरकवा.
दोन खांब ७०० मिमी अंतराने, मध्ये १ × ३ च्या दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने, त्यांवर गजफूट यांची चौकट हुकाने. आठवड्याने पुन्हा बघा. सैल झालेलं असतं. लोक लाकडाला दोष देतात, पण लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रबर दबतं. पाव फेरा द्या, झालं.

एकभोक
सगळं ठीक, पण एक प्रामाणिक मत. घरमालकांशी बोलून चार भोकांची परवानगी काढा. ६ मिमीचं भोक पुट्टीने पाच मिनिटांत बुजतं. टेपने उचकटलेला हातभर पट्टा बुजवायला दोन हात पुट्टी, घासकाम आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवावी लागते, कारण दोन वर्षं जुन्या रंगावर नवा ठिपका उठून दिसतो. ४५ अंशात चिरलेली तिरकी पट्टी, गिट्टी (भोकात बसणारा प्लास्टिकचा प्लग) आणि स्क्रू घालून चार ठिकाणी भिंतीला लावली की तिच्यावर तीन चौकटी अडकतात. ‘भोक नाही’ म्हणणारे घरमालक बहुतेक वेळा पोपड्यांना घाबरतात.

गजफूट
एकभोक, मुद्दा बरोबर आहे, पण लेखी घ्या. आणि भिंत विटांची आहे की एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) ते बघून मगच. एएसीत साधी गिट्टी फिरत राहते, पकडच घेत नाही.

षड्जपंचम
घरमालक परवानगी देणार नाहीत, विचारून झालंय. टेकू दादा, खांबाचं नक्की करणार. झोपाळ्याच्या कड्यांचा काही उपयोग? आणि ५६ हर्ट्झचं काय करायचं?

टेकू
कडी म्हणजे घबाड आहे! ती स्लॅबच्या सळईत अडकवलेली असतात, माणसांचं वजन घ्यायलाच. ७-८ किलोच्या दोन चौकटी त्यांना काहीच नाहीत. कड्यांवर आडवे दोन दांडे, त्यांना ४ मिमी साखळीने चौकटी आडव्या, स्लॅबपासून १०० ते १५० मिमी खाली. आठांतल्या दोन तिथे गेल्या की चालेल. तबला आणि पेटीवरून छताला जाऊन परत येणारा आवाज तिथेच अडतो. बघायचं इतकंच की कड्याच्या मुळाशी गंजाचा डाग किंवा तडा नको आणि पंख्याची पाती किमान फूटभर लांब हवीत. पंख्याच्या हुकाला मात्र काहीही लटकवू नका, पंखा काढला असला तरी.

डग्गा
५६ हर्ट्झसाठी पूर्ण इलाज भाड्याच्या खोलीत नाही. थोडा आहे. रॉकवूलचे न फोडलेले गठ्ठे, प्लास्टिकसकट, दोन कोपऱ्यांत जमिनीपासून जमेल तेवढे वर रचा आणि सामान बांधायच्या पट्ट्याने आवळा. प्लास्टिक वरचे स्वर परतवतं आणि खालचे आत जाऊ देतं, म्हणून खोली मंद न होता घुमारा थोडा कमी होतो. शिवाय जाताना गठ्ठे तसेच उचलायचे.
आणि ते कपाट. डग्ग्याच्या प्रत्येक घावाला त्याचं हँडल किणकिणणार. फोनवरून ४० ते २०० हर्ट्झ हळूहळू चढता सूर स्पीकरला द्या आणि कपाटावर तळहात ठेवून फिरा. जिथे झिणझिणेल तिथे फटीत फेल्टची चकती. पत्र्यावर बाहेरून निओडिमियम चुंबकाने दोन किलोपर्यंतचं फेल्टचं पॅनेल धरतं, तेवढाच एक मुफ्तचा पृष्ठभाग.

फतेगंजकर
तळमजल्यावरच्यांसाठी काही बदल? आणि जुन्या कापसाच्या गाद्या, अंड्याचे ट्रे चालतात का?

डग्गा
अंड्याचे ट्रे नाहीत. शोषण जवळजवळ शून्य आणि कागद पेटतो. साध्या पीयू फोमचंही तेच, भडका आणि विषारी धूर. समई-निरांजन त्याच खोलीत असेल तर फोम आणूच नका. रॉकवूल जळत नाही. चार इंची कापसाची गादी चांगली शोषते, पण दहा-पंधरा किलोची असते, उभी करायला भक्कम चौकट हवी, आणि पावसाळ्यात वास धरते.
विश्वामित्री नदीच्या पट्ट्यात तळमजला असेल तर ऑगस्ट २०२४चा पूर आठवा. भिजलेली लोकर वाळत घालून परत वापरू नये, आत गाळ राहतो. चौकटी हलक्या असतात, पाण्याचा इशारा आला की माळ्यावर. कोपऱ्यातले गठ्ठे मात्र आधी.

षड्जपंचम
माल कुठे शोधायचा? दुकानात रॉकवूल म्हटलं की लोक फोमच दाखवतात.

गजफूट
सजावटीच्या दुकानात नका विचारू. आजूबाजूला कोयलीची रिफायनरी, नंदेसरीचे कारखाने, तिथल्या पाइपांना आणि बॉयलरना हीच लोकर गुंडाळतात. मकरपुरा जीआयडीसीत इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडे चौकशी करा. बोलताना चूक होते ती अशी: तुम्ही ‘रॉकवूल’ म्हणालात की ते तारेच्या जाळीची गुंडाळी देतात, १०० किंवा १५० घनतेची. ती जड असते, चौकटीत उभी राहत नाही आणि जाळी कापताना हात फाटतात. ‘आयएस ८१८३चा रेझिन बाँडेड स्लॅब, ४८ घनता, ५० मिमी, जाळीशिवाय’ असं पूर्ण वाक्य सांगा. ६४ मिळाला तरी घ्या, लोकरीचं वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढेल. भरताना एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या, हातमोजे. अंगाला लागलेली लोकर चोळायची नाही, गार पाण्याने धुवायची.
कापड मांडवी-मंगळबाजारात बघा. मांजरपाट किंवा सैल विणीचं केसमेंट. दुकानात तिथेच तोंडाला लावून फुंकर मारा. पलीकडे हात धरल्यावर वारा लागला तर घ्या. रेक्झिन, सॅटिन, जाड मखमल नको. एका चौकटीला कडा वळवून १.६ मीटर लांब आणि १ मीटर रुंद लागतं, तेव्हा ४८ इंची पन्हा असेल तर आठांना साधारण १३ मीटर. मांजरपाट आधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ढिला पडून पुढे पोट येतं.

षड्जपंचम
यादी केली: १६ स्लॅब, ३२ मीटर पाइन, पायांचं २ × ३ वेगळं, १३ मीटर मांजरपाट, एम-१२ रॉडचे दोन संच. आणि सहा चौकटी पायांवर, दोन कड्यांना. काही सुटलं?

टेकू
खांबावरची चौकट त्या सहांतलीच का? मग पाय पाचांनाच. आणि पाना एम-१२ ला १९ नंबरचा लागतो, कंपनीप्रमाणे १८ही. दोन्ही ठेवा.